'अरेते'ला मराठीत नुसतं शौर्य म्हणून भागेल का?

ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या महाकाव्यातल्या योद्ध्यांबद्दल बोलताना 'अरेते' हा ग्रीक शब्द सारखा येतो. मराठीत कुणी शौर्य म्हणतं, कुणी सद्गुण. सद्गुण म्हटलं की सोज्वळ माणूस डोळ्यापुढे येतो, तो काही ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस वाटत नाही. मग नेमका शब्द कुठला?

—

सद्गुण तर नकोच, तो नैतिक अर्थ पुढे तत्त्वज्ञांच्या काळात ठळक झाला. होमरकडे अरेते घोड्यालाही असतं आणि पायांनाही असतं. विसाव्या सर्गात ट्रॉयचा राजा प्रिआम याचा सगळ्यात धाकटा मुलगा पॉलिडोरस आहे, बापाने लढायला मनाई केलेली, पण पोरगं पळण्यात सगळ्यांना भारी, म्हणून 'पायांचं अरेते' दाखवत आघाडीतून धावत सुटतं आणि अकिलीसचा भाला पाठीतून आरपार जातो. इथे शौर्य लिहून बघा, बसतच नाही. मला इथे 'पाणी' हा शब्द फार आवडतो, आपल्याकडे तलवारीला पाणी असतं, घोडा पाणीदार असतो आणि माणूसही आपलं पाणी दाखवतो, अगदी तसंच आहे हे.

पण 'पाणी' सगळीकडे पुरत नाही, कारण होमरचा आदर्श योद्धा नुसता हाताने भारी असून चालत नाही. नवव्या सर्गात म्हातारा फिनिक्स अकिलीसला आठवण करून देतो की तुझ्या बापाने मला तुझ्यासोबत पाठवलं ते तुला बोलण्यात आणि करण्यात दोन्हीत तयार करायला. युद्धाला जसं 'कीर्ती देणारं' म्हटलंय तसंच सभेलाही म्हटलंय. ग्रीकांचा म्हातारा राजा नेस्टर एवढा थकलेला तरी त्याचा दबदबा आहे तो सभेतल्या शब्दावर. म्हणून एकच शब्द घ्यायचा तर मी 'कर्तबगारी' घेईन, त्यात रणांगण आणि सभा दोन्ही मावतात.

—

मग अकिलीस एका बाईवरून एवढा रुसून का बसतो? कर्तबगारी तर कुणी काढून घेतली नव्हती ना त्याची?

—

तिथे दुसरा शब्द आहे, 'तिमे', म्हणजे मान. आणि हा मान मनातला नाही, चारचौघांना दिसणारा आहे. सातव्या सर्गात ग्रीक योद्धा थोरला अजॅक्स ट्रॉयच्या राजपुत्र हेक्टरशी द्वंद्व करून येतो तेव्हा ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन बैलाच्या पाठीचा लांबच्या लांब तुकडा त्याला देतो, तो मानाचा वाटा. युद्धात पकडून आणलेली ब्रिसेइस हीसुद्धा सैन्याने अकिलीसला दिलेला मानाचा वाटाच होती (ती माणूस आहे हे त्या व्यवस्थेत कुणी धरत नाही आणि ते वाचताना मला दरवेळी खुपतं). अगामेम्नॉनने तिला ओढून नेलं म्हणजे सगळ्या सैन्यादेखत त्याचा मान काढून घेतला. आपल्या मानपानात रुसवाफुगवाच जास्त ऐकू येतो, म्हणून इथे सरळ 'मान' ठेवावा.

हेक्टरचा शब्द वेगळा, 'ऐदोस'. त्याची बायको अँड्रोमाखे विनवते की तटाबाहेर जाऊ नको, तर तो म्हणतो मला ट्रॉयच्या पुरुषांची आणि घोळदार वस्त्रांच्या बायकांची लाज वाटते. पुढे त्याच्याच बाजूच्या पॉलिडॅमसने सैन्य आत घ्या असा शहाणा सल्ला दिलेला असतो, तो हेक्टर धुडकावतो, माणसं मरतात आणि शेवटी तो वेशीबाहेर एकटा थांबतो तेही पॉलिडॅमस बोल लावेल म्हणून. याला नुसतं लाज म्हटलं तर दुबळं वाटतं, 'जनाची लाज' म्हटलं की बरोबर उतरतं. माझ्या मते ज्या गुणामुळे हेक्टर आदर्श आहे तोच त्याला मारतो, आणि मला तो अकिलीसपेक्षा जवळचा वाटतो तेही त्यामुळेच.

—

आणि 'क्लेओस'? कीर्तीच ना?

—

हो, पण त्याचं मूळ ऐकण्यात आहे, संस्कृत श्रु धातूचा सख्खा भाऊ. अकिलीस म्हणतो इथे लढलो तर घरी परतणं गेलं पण 'क्लेओस आफ्थितॉन' मिळेल, आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्राकडे 'श्रवः … अक्षितम्' मागितलंय, शब्दाला शब्द जुळतो, हे अ‍ॅडालबर्ट कून या जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी 1853 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे न झिजणारं, ऐकू येत राहणारं नाव. आपलं 'नाव गाजणं' याच्या अगदी जवळ जातं कारण त्यातही आवाज आहे. आणि अगामेम्नॉनचे दूत जेव्हा रुसलेल्या अकिलीसची समजूत घालायला येतात तेव्हा तो वीणेसारखं वाद्य घेऊन 'क्लेआ आन्द्रोन' गात बसलेला असतो, त्याला मी तर बेधडक 'वीरांचे पोवाडे' म्हणेन, कारण कीर्ती म्हणजे पुढच्यांनी गायलं जाणं हे पोवाड्यात आयतंच येतं.