मदत हवी आहे: पाणीकपात, वाळती गच्ची आणि नळ्या कुरतडणाऱ्या खारी

बोरिवलीत दुसऱ्या मजल्यावरची गच्ची. बारा इंची २० ग्रो बॅग, त्यात माती कमी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त. कपातीमुळे बागेच्या वाट्याला रोज २० लिटर. मीटरभर उंच स्टँडवरच्या पिंपातून ठिबक, ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) ताशी २ लिटरचे. अर्धा तास चालवतो, तरी झाडं माना टाकतात आणि पिंपात पाणी उरतंच. वर खारी ४ मिमीच्या नळ्या कुरतडतात. जास्वंद छाटायची होती, तर तिथे शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून घरटं केलंय. कडीपत्त्यावर अळ्या आहेत, नीमतेल मारू का?

प्रतिसाद १
ड्रिपरवरचे २ लिटर हे १ बार दाबाचे, म्हणजे १० मीटर उंच टाकीचे. तुमच्याकडे ०.१ बार आहे, त्यामुळे धार साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी धार सारखी ठेवणारे) ड्रिपर असतील तर बदलाच, एवढ्या दाबाला ते धड उघडतही नाहीत. ड्रिपरखाली पेला धरून १५ मिनिटांत किती मिली येतं ते मोजा आणि त्यावरून वेळ ठरवा. झाडामागे रोज लिटरभर धरा.

दुसरं दुखणं कोकोपीटचं. ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी शोषत नाही, पाणी पिशवीच्या कडेकडेने खाली उतरतं. वरून ओलं दिसतं, बोट खुपसलं की आत कोरडं. पिशवी बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, टबात बुडवून ठेवा. मग वर ५ सेंमी सुका पाला, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. पाणी पहाटे, दोन टप्प्यांत.

एसीचं पाणी जरूर वापरा, त्यात क्षार नसतात. आरओचं सांडपाणी रोज नको, मातीवर पांढरा थर धरतो.

प्रतिसाद २
खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं थांबणार नाही. नळी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपातून न्या, उघडा तुकडा पाल्याखाली दाबा. पसरट मातीचं भांडं ठेवा: पाणी दोन-तीन सेंमी, मध्ये एक खडबडीत दगड. तहानेपोटी होणारी कुरतड तरी कमी होते. भांडं रोज ओतून घासा. पिंपाला घट्ट झाकण हवं, नाहीतर आठ-दहा दिवसांत डास.

जास्वंदीला कात्री लावू नका आणि तिचं पाणीही तोडू नका. शिवलेली पानं देठाला जिवंत असतात. ती वाळून आक्रसली की टाके ताणतात, घरटं उघडं पडतं. अंडी उबायला सुमारे १२ दिवस, पिल्लं उडायला आणखी १४. तोवर फवारणीही बंद.

कडीपत्त्यावरच्या अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मग हिरव्या होत असतील, तर ती लिंबू किंवा मॉर्मन फुलपाखराची पोरं. कडीपत्ता पुन्हा फुटतो. रोप लहान असेल तर चार-पाच ठेवून बाकीच्या मोठ्या झाडावर हलवा.

प्रश्नकर्ता
मोजलं. पिंपाजवळ १५ मिनिटांत १५० मिली, शेवटच्या पिशवीत ९०.

प्रतिसाद १
म्हणजे पिंपाजवळ लिटरभराला पावणेदोन तास लागतात, टोकाला अडीचपेक्षा जास्त. मुख्य नळीचं शेवटचं टोक बंद ठेवण्याऐवजी वळवून पिंपाच्या तोटीजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडा. दोन्हीकडून पाणी आलं की फरक बराच मिटतो. तरीही टोकाला कमी पडलं तर तिथे दुसरा ड्रिपर टोचा.