सॅन फ्रान्सिस्को म्हणे अर्ध्या दिवसात उरकतं!

पायीपायी
परवा इथे वीकेंडच्या गप्पांत एका महाशयांनी लिहिलंय की भारतातून मित्र आले तर सॅन फ्रान्सिस्कोला अर्धा दिवस पुष्कळ. गोल्डन गेट ब्रिजवर फोटो, लोम्बार्ड स्ट्रीटची वळणं, पिअर 39 चे सील, पाचला परत निघून फ्रीमाँटात डोसा. बाकी काय तर "नुसते चढ आणि धुकं". वाचून अशी तिडीक गेली डोक्यात की दोन दिवस उतरेना, म्हणून हा धागा.

एक तर ते सील नाहीत, सी लायन आहेत. 1990 च्या सुरुवातीला झुंडीनं येऊन बोटींच्या धक्क्यावर पसरले आणि शेवटी बोटवाल्यांनीच हात टेकले.

दुसरं म्हणजे चढ. अहो चढ हेच तर बघायचंय! मागच्या ऑक्टोबरात माझ्या कॉलेजच्या दोघी मैत्रिणी आल्या होत्या, एकीचा गुडघा कुरकुरणारा. गाडी नेलीच नाही, बार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं गेलो आणि केबल कार पॉवेल स्ट्रीटच्या रांगेत न थांबता कॅलिफोर्निया स्ट्रीटवर पकडली, तिथे गर्दी निम्मीसुद्धा नसते. शहरात केबल कार 1873 पासून आहे, तिला स्वतःचं इंजिन नाही, रस्त्याखाली तासाला साडेनऊ मैलांनी दोर सतत पळत असतो आणि ग्रिपमन भलामोठा दांडा ओढून तो दोर पकडतो. उतारावर ब्रेक दाबला की जळक्या लाकडाचा वास येतो, कारण ब्रेकचे ठोकळे खरोखर लाकडाचे आहेत, रुळावर घासून घासून काही दिवसांत संपतात. मग मेसन आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावरचं केबल कार म्युझियम, फुकट, सगळ्या शहराचे दोर ओढणारी चाकं डोळ्यासमोर गरागरा फिरतात. आमची गुडघेवाली तिथून हलेना.

दुपारी कॉइट टॉवरवरून फिल्बर्टच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. दोन्ही बाजूंना लाकडी घरं आणि बागा, दर वीस पायऱ्यांनी बसत, मध्येच झाडांतून खाडी दिसते. अर्धा दिवस तर त्या पायऱ्यांवरच गेला. आता सांगा.

डोंबिवली_ते_डब्लिन
तो महाशय मीच. नाव घ्यायला लाजायचं कारण नव्हतं.

ताई, तुम्ही तिघी जणी ऑक्टोबरात गेलात. मी जुलैत गेलो, मित्र, त्याची बायको, दोन पोरं आणि माझ्या सासूबाई. पॉवेलला दीड तास रांग, तेव्हा तिकीट माणशी 8 डॉलर, आणि पुढची गाडी भरून गेली म्हणून आणखी दोन सोडल्या. ब्रिजचे फक्त खांबाचे पाय दिसले, वरचं सगळं धुक्यात. मित्र म्हणाला, "हा लाल खांब बघायला सोळा तास विमानात बसलो का?" सासूबाई साडीवर माझं जॅकेट घालून कुडकुडत होत्या, शेवटी पिअरवर सहा जणांना सहा स्वेटशर्ट घेतले. त्यातला एक अजून कोणी घातलेला नाही.

घाटमाथा
जुलैत जायला सांगितलं कोणी? आतली सेंट्रल व्हॅली तापली की समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढली जाते, तेच ते धुकं, लोकांनी त्याला कार्ल असं नावसुद्धा ठेवलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरात या, आकाश मोकळं. आणि तो लाल नाही, इंटरनॅशनल ऑरेंज म्हणतात त्याला.

डोंबिवली_ते_डब्लिन
रंगाची दुरुस्ती पोचली. पोरांच्या शाळेला सुट्टी जुलैत असते, कार्लला विचारून ठरवत नाहीत.

मी_नाशिकची
चढ हेच बघायचंय म्हणे! त्या चढावर गाडी लावून बघा एकदा. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे, चढाकडे असेल तर रस्त्याकडे, नाही वळवली तर दंडाचं तिकीट. आम्हाला बसलंय, हँडब्रेक ओढलेला असताना. आणि ते तिकीट कोणी भरलं हा वेगळाच विषय.

चहाबिस्किट
सांगाच, आम्ही बसलोय.

मी_नाशिकची
सांगते. आम्ही चार जण, भाड्याची गाडी माझ्या नावावर. तिकीट मी गपचूप भरलं, चूक माझी होती. पण त्याच दिवशी संध्याकाळी एका व्ह्यूपॉइंटवर दहा मिनिटं गाडी लावली आणि परत येतो तर मागची काच फुटलेली, सीटवर साखरेसारखा चुरा. आमच्यातल्या एकानं लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर ठेवली होती. मी दोनदा म्हटलं होतं की डिकीत टाक. बॅग गेलीच, पण काचेचे पैसे भाड्याच्या कंपनीनं माझ्या कार्डावरून कापले. ग्रुपवर लिहिलं की चार भाग करू, तर बॅगवाला म्हणतो, माझं आधीच नुकसान झालंय! बाकी दोघांनी अंगठा दाखवून विषय संपवला. तीन वर्षं झाली.

हिशोबी
काच चौघांत, बॅग त्याची त्याला. यात चर्चा काय?

घाटमाथा
का म्हणून चौघांत? बॅग दिसली म्हणून काच फुटली. ज्याची बॅग त्याची काच. आणि गाडी सुरू करण्याआधी सामान बघायचं काम ड्रायव्हरचं.

मी_नाशिकची
म्हणजे ड्रायव्हिंग मी करायचं, चाकं मी वळवायची, बॅगाही मीच उचलायच्या? आणि व्ह्यूपॉइंटवर पोचल्यावर डिकी उघडून सामान टाकणं तर आणखी वाईट, टपून बसलेले बघतात. निघतानाच टाकायचं असतं, तेच सांगत होते मी दोनदा!

हिशोबी
मॅडमना अनुमोदन. ट्रिपला निघालं की गाडी सगळ्यांची. शिवाय टोल विसरू नका. गोल्डन गेटवर शहरात येतानाच टोल लागतो आणि 2013 पासून नाक्यावर रोख घेतच नाहीत, म्हणजे बिल महिन्याभराने, भाड्याच्या कंपनीची वरची फी लावून. तोपर्यंत मित्र पुण्यात पोचलेले असतात. मी दोनदा एकट्यानं भरलाय. तेव्हापासून निघायच्या आधीच माणशी पन्नास डॉलर डब्यात, उरले तर परत.

घाटमाथा
मित्रांकडून डिपॉझिट घेणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

हिशोबी
आणि फुकट फिरणारे मी बरेच बघितलेत, ते सगळे असंच बोलतात.

घाटमाथा
वैयक्तिक होऊ नका साहेब. आमच्यात कोणी मोजत नाही, कोणी जेवण देतं, कोणी पेट्रोल.

मी_नाशिकची
जो म्हणतो "आमच्यात कोणी मोजत नाही", त्याच्या नावावर गाडी कधीच नसते. लिहून घ्या.

अण्णा_फ्रीमाँट
भांडण चालू द्या, मध्ये एक सांगतो. कोणी वुड स्ट्रीटचं गदर मेमोरियल बघितलंय का? 1913 साली गदर पक्षाचं, म्हणजे इथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या पक्षाचं वर्तमानपत्र याच शहरातून निघायला लागलं. आपले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे त्याच पक्षात, 1915 च्या नोव्हेंबरात लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. आणि वेबस्टर स्ट्रीटवर वेदांत सोसायटीचं जुनं मंदिर आहे, 1905 साली बांधायला घेतलेलं, वर घुमट आणि शिखरं, एका छतावर इतके प्रकार मी दुसरीकडे बघितले नाहीत. पाहुण्यांना मी आधी तिथे नेतो, ब्रिज नंतर.

चहाबिस्किट
अण्णा, मस्त. पण काच कोणी भरायची?

अण्णा_फ्रीमाँट
बॅगवाल्यानं. आणि त्याला परत घरी बोलावू नये.

पायीपायी
माझ्या धाग्याचं काचेचं दुकान केलंत सगळ्यांनी. मी म्हणत होते तेच परत म्हणते, गाडीच नेऊ नका! बार्ट आहे, मुनी म्हणजे शहराची बस-ट्राम आहे, 28 नंबरची बस ब्रिजच्या दारात सोडते. केबल कार धरून दिवसाचा पास मिळतो तो घ्या, तीनदा चढलात की पैसे वसूल. ना चाकं वळवायची, ना काच, ना टोल, ना डबा.

मी_नाशिकची
रात्री नऊनंतर दोन पोरं झोपलेली खांद्यावर घेऊन बस बदलून बघा, मग बोलू.

पायीपायी
बरं, पोरं असतील तर वेगळं. एवढं मानते. सासूबाईंचंही मानते, फिल्बर्टच्या पायऱ्या त्यांना नाही जमणार. पण लँड्स एंड जमेल, पार्किंगजवळच्या भिंतीशी उभं राहिलं तरी सुत्रो बाथ्स या जुन्या तरणतलावांचे अवशेष आणि खाली फुटणारा समुद्र दिसतो. 1966 ला आग लागून सगळं गेलं, आता नुसते चौथरे आणि मध्ये साचलेलं पाणी. त्यांना पाय झिजवायची गरज नाही.

डोंबिवली_ते_डब्लिन
पार्किंगजवळ म्हणालात, आता मात्र गाडी चालते वाटतं.

पायीपायी
हो चालते, बॅगा न ठेवता.

डोंबिवली_ते_डब्लिन
ठीक आहे. अर्धा दिवस कमी पडतो, एक दिवस करा, त्याच्यावर मी जाणार नाही. दुसरा मित्र ऑक्टोबरात येतोय, नशिबानं त्याला पोरं नाहीत. केबल कार ती कॅलिफोर्निया स्ट्रीटचीच ना, कुठून चढायचं?

पायीपायी
मार्केट स्ट्रीटच्या टोकाला, एम्बार्काडेरो बार्टमधून वर आलात की समोरच उभी असते. सकाळी दहाच्या आत जा, बाहेरच्या बाकावर जागा मिळेल.

मी_नाशिकची
आणि टोलचे पैसे आधी घ्या.