वाचनालयाच्या टेबलांत वायरलेस चार्जर: हवेत की नकोत?

डिचोलीकर
आमच्या गावच्या वाचनालयाची अभ्यासिका नव्याने होतेय. एका देणगीदाराने सुचवलंय की टेबलांतच वायरलेस चार्जिंगचे पॅड बसवा, वायरींचा गुंता नको. कार्यकारिणीतले निम्मे लोक ऐकूनच खूश! माझा विरोध आहे. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात, हातातले फोन दहा-पंधरा हजारांचे. त्यांत वायरलेस चार्जिंगची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळंच नसतं. पॅडवर फोन ठेवा नाहीतर शाळिग्राम ठेवा, सारखंच. वर वीज वाया जाते ती वेगळीच.

मालिमचा खलाशी
तुम्ही आतल्या भागातले, खारं वारं लागत नाही म्हणून बोलताय. आमच्या जेटीवर फोनचं चार्जिंगचं तोंड आधी जातं, बाकी फोन धडधाकट. ओल असताना केबल लावली की पिना हिरव्या पडतात. टूथपिकने खरवडलं तर हिरवट भुकटी निघते आणि खाली मुलामा उडालेला दिसतो. मग पावसाळाभर ‘ओलावा आहे, केबल काढा’ हीच पाटी. वायरलेसवाला फोन घेतल्यापासून ते भोक मी टेप लावून बंदच करून टाकलंय. तुमची दहा टक्के वीज गेली तर गेली!

सोल्डरवाला, म्हापसा
दहा नव्हे, जास्त जाते. पण डिचोलीकर, बिलाचा मुद्दा तुम्ही सोडाच. 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-अवर वीज मावते. केबलपेक्षा पॅडवर सात-आठ वॅट-अवर जादा लागतात असं धरलं, तरी शंभर फोन भरल्यावर फरक एका युनिटच्या आतच. वीज खात्याच्या बिलात तो दिसणारही नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर मात्र दिसेल: वीस फोनांमागे एक पंखा दोनेक तास चालेल एवढी वीज नुसती उष्णतेत जाणार.

खरा त्रास त्या उष्णतेचाच. पॅडमधली कॉइल सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करते, फोनमधली कॉइल त्यातून वीज उचलते. 1831 साली फॅरेडेने दाखवलं तेच तत्त्व. दोन्ही कॉइल समोरासमोर, काही मिलिमीटरच्या आत हव्यात. फोन जरा सरकला की वेग पडतो आणि पाठ तापते. मे महिन्यात म्हापशाच्या दुकानात पंख्याखाली ठेवलेला फोनसुद्धा पॅडवर असा तापतो की तो स्वतःच चार्जिंग आखडतो. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं.

टेबलात लपवलेला पॅड तर आणखी अवघड. 18 मिलिमीटरच्या प्लायखाली साधा पॅड लावून उपयोग नाही, खाच पाडून वर आणावा लागतो, आणि मध्य कुठे हे मुलांना दिसत नाही. कुठेही ठेवा, चार्ज होईल अशी चटई ॲपलने 2017 मध्ये जाहीर केली होती; 2019 मध्ये गुंडाळली. 2023 च्या क्यूआय-2 या वायरलेस चार्जिंगच्या नव्या मानकात लोहचुंबक देऊन फोन आपोआप जागेवर बसवण्याची सोय झाली, पण तो फोन घेणारं गिऱ्हाईक वाचनालयात किती?

साखळीकरीण
तुम्ही सगळे पॅडवरच अडकलात! खोलीत शिरलं की फोन चार्ज व्हायला लागला पाहिजे. आणि त्याच्याही पुढे, वीज हवेतूनच नेता आली तर आपल्या गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून 400 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तारा न्यायचा प्रश्नच उरत नाही. 2020 पासून त्या तम्नार वीजवाहिनी प्रकल्पावरून केवढी भांडणं झाली!

सोल्डरवाला, म्हापसा
बाय, निकोला टेस्ला या संशोधकाने 1901 मध्ये अमेरिकेत लाँग आयलंडवर मनोरा उभारायला घेतला होता तो अशाच आशेने. पैसे आटले, 1917 मध्ये मनोरा पाडला. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी दोन मीटरवरचा 60 वॅटचा बल्ब पेटवला, पण पाठवलेल्यातली 40 टक्केच वीज पोचली, आणि कॉइल हातभर रुंद. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला मायक्रोवेव्हने दीड किलोमीटरवर 30 किलोवॅटहून जास्त वीज पोचवली, त्यासाठी 26 मीटर व्यासाची डिश लागली. 400 केव्हीच्या एका वाहिनीतून शेकडो मेगावॅट जातात. मोलेतली झाडं तोडू नयेत हे मलाही पटतं, पण त्यासाठी हा उपाय पुढे केलात तर समोरचे हसतील.

साखळीकरीण
दीड किलोमीटर झालं तर पन्नास का नाही? पहिल्या मोबाईललाही लोक हसलेच असतील.

सोल्डरवाला, म्हापसा
मोबाईलला संदेशापुरता कणभर सिग्नल मिळाला की पुरतं. इथे पाठवलेला माल पोचायला हवा. अंतर वाढतं तसा झोत पसरतो आणि वीज झेलणारी अँटेनाची जाळी शेतभर मोठी करावी लागते.

निवृत्त मास्तर
वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रं वाचायला आम्ही म्हातारे येतो, हे कुणाच्या ध्यानातच नाही. पेसमेकरवाल्यांनी फोन वायरलेस चार्जिंगवर असताना तो 30 सेंटिमीटरहून लांब ठेवावा, असं ॲपलच्या सूचनेतच लिहिलेलं आहे. टेबलात पॅड लपवलात तर कोपर टेकून, पुढे वाकून वाचणाऱ्याला कळणार कसं? निदान वर मोठी खूण तरी करा.

डिचोलीकर
मास्तर, हे मी बैठकीत आधी मांडतो. बिलाचा मुद्दा सोडला. सोल्डरवाले, मग भिंतीत टाईप-सीचं तोंड द्यायचं की साधं थ्री-पिन?

सोल्डरवाला, म्हापसा
साधं थ्री-पिन, झाकणवालं. मुलं ॲडाप्टर घेऊनच येतात. टेबलातलं यूएसबीचं तोंड ढिलं झालं की अख्खं युनिट बदलावं लागतं.

मालिमचा खलाशी
काउंटरवर एक पॅड तरी ठेवाच. डिचोलीला माझा भाचा शिकतो, माझा जुना वायरलेसवाला फोन त्याच्याकडेच आहे. त्याचं तोंड कधीच गंजलंय.

डिचोलीकर
एका भाच्यासाठी देणगी? त्याला वायरलेस पॉवर बँक घेऊन द्या.

मालिमचा खलाशी
आणि ती पॉवर बँक भरायला केबल कुठल्या तोंडात घालायची, मामाच्या?