गाठ पूर्ण निघाली, तरी मेंदूभोवती पाणी का साठते?

प्रश्न (सात महिन्यांच्या मुलीची आई):
माझ्या मुलीच्या मेंदूतील कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमाची गाठ पाच आठवड्यांपूर्वी काढली. गाठ पूर्ण निघाली असून ती श्रेणी १ ची, म्हणजे कर्करोगाची नसलेली आहे, असा अहवाल आला. मात्र परवाच्या एमआरआयमध्ये मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये पाणी साठलेले दिसले, आणि ते वाढल्यास शंट (जास्तीचे पाणी शरीरात दुसरीकडे वाहून नेणारी बारीक नळी) बसवावा लागेल असे सांगितले आहे. ज्या गाठीमुळे पाणी वाढत होते ती गेल्यावरही ते का साठावे? घरी आम्ही काय पाहावे?

उत्तर (लहान मुलांच्या मेंदूशल्यक्रिया विभागातील परिचारिका):
कोरॉइड प्लेक्सस म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांमधील, मेंदूजल तयार करणारे रक्तवाहिन्यांचे जाळे. गाठ त्याचीच असल्याने पाणी जास्त तयार होते, त्याची वाटही अडू शकते, आणि पोकळ्या फुगून भोवतालचा मेंदूचा थर पातळ होत जातो. गाठ निघाली की ताण उतरतो, पण तो ताणलेला थर आत बसतो, आणि गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी केलेल्या वाटेने पोकळीतील पाणी बाहेर येऊन कवटीखालच्या रिकाम्या जागेत जमते. शिवाय रक्ताचा अंश मेंदूजलात मिसळल्यामुळे पाणी शोषले जाण्याचे काम मंदावू शकते. म्हणून गाठ पूर्ण निघूनही काही बाळांना शंट लागतो. याचा अर्थ गाठ परतली, असा नाही. पुष्कळदा असे साठलेले पाणी नुसत्या देखरेखीखाली कमीही होते.

उत्तर (एका मुलाचे वडील):
ताई, आमच्या मुलाला शंट बसवावा लागला, आणि पाणी वाढत असल्याचे प्रथम टेपनेच कळले. भुवयांच्या वरून आणि डोक्यामागच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागावरून टेप फिरवून, दर वेळी एकाच व्यक्तीने घेर मोजावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. आमच्या वहीत एका आठवड्यात एक सेंटिमीटर वाढ दिसली. टाळू मात्र बाळ शांत असताना, उभे धरूनच पाहावी. रडताना ती फुगतेच, आणि त्या भीतीने आम्ही दोनदा मध्यरात्री रुग्णालय गाठले होते.

उत्तर (परिचारिका):
शांत बाळाची टाळू ताठ वाटणे, वारंवार उलटी, जास्त झोपाळूपणा, बुबुळे खाली झुकून वरचा पांढरा भाग दिसणे, आकडी, ताप, किंवा टाक्यांतून पाण्यासारखा स्राव येऊन उशी ओली होणे, यांपैकी एकही दिसल्यास पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालयात न्या.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आज सकाळी ती झोपेत असताना घेर मोजला, तो ४६.८ सेंटिमीटर भरला. गेल्या तपासणीच्या कागदावरही ४६.८ च आहे. टेप आता तिच्या औषधांच्या डब्यातच ठेवली आहे.