मदत हवी आहे: परदेशी विद्यार्थ्यांना पेठांतून पायी फिरवायचंय, पण निम्म्या गोष्टी जागेवरच नाहीत

नमस्कार मंडळी,

आमच्या विभागात एका सत्रासाठी बाहेरच्या देशांतले सात-आठ विद्यार्थी आलेत. येत्या शनिवारी सकाळी त्यांना जुनं पुणं पायी दाखवायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलंय. मी मूळची परभणीची, इतिहासाची विद्यार्थिनी. सनावळी पाठ आहेत, गल्ल्या मात्र अजून फोनमध्ये बघत पार करते.

रस्ता नेहमीचाच धरलाय. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, मग शिवाजी रस्त्याने दगडूशेठ, मंडई, तुळशीबाग आणि शेवटी विश्रामबागवाडा. परवा एकटी चालून आले. अंतर फार नाही. पण दाखवायचं काय, हा प्रश्न पडलाय.

लाल महालाचंच घ्या. शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती १६६३ साली, आणि आपण ज्याच्यासमोर उभे राहून ती गोष्ट सांगतो ती इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधलेली. मूळ महाल नेमका दिसायचा कसा याची माहितीही तुटपुंजीच. गटात एक मुलगी वॉर्सॉची आहे. तिथलं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जमीनदोस्त केलं, लोकांनी जुनी चित्रं आणि मोजमापं धुंडाळून ते परत उभं केलं आणि १९८० साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेलं. तिने सहज विचारलं, "तुमचा महाल कोणत्या चित्रावरून बांधला?" मी म्हटलं, शनिवारी सांगते. आता सांगू काय?

पुढे शनिवारवाडा. १८२८च्या आगीत आतलं सगळं गेलं. तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती उरली. बुधवारवाडा १८७९ साली जळाला, आज त्याची खूणही पटकन सापडत नाही. आणि दगडूशेठच्या समोरचा भिडेवाडा, जिथे १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तो डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडला. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, नेमकं तिथेच बोट दाखवायला काही नाही.

विचारायचंय ते असं: या वाटेवर खरंच जुनं, हात लावून बघता येईल असं काय आहे? आणि नसलेल्या गोष्टी दाखवायची कुणाची काही युक्ती? मस्तानीच्या गोष्टी आणि "काका मला वाचवा" हे त्यांनी व्हिडिओत बघितलंय, त्यामुळे ते नको. एकीचा गुडघा दुखरा आहे, तेव्हा बसायच्या जागाही सुचवा.

नागझरीकाठचा:
ताई, सुरुवात कसब्यातून करू नका, जरा पूर्वेला सोमवार पेठेतून करा. कमला नेहरू रुग्णालयाजवळ त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. अठराव्या शतकातलं, अख्खं काळ्या दगडाचं. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळीने बांधणारे शिपाई कोरलेत. ते इंग्रज असावेत असं मानतात. मुलांना आधी काही सांगू नका, नुसतं उभं करा आणि काय दिसतं ते विचारा. आत संस्कृतबरोबर फारसीतही शिलालेख आहे. गणपतीला तीन सोंडा आणि तो मोरावर बसलेला. पुण्यात जन्म गेला तरी हे देऊळ न बघितलेले लोक ढिगाने आहेत. तिथून तांबट आळीतून कसब्यात उतरा. ठोक्याचं काम चालू असेल तर आवाज आधी येतो, दुकान नंतर दिसतं.

शुक्रवारातली माई:
अगं, पाण्याचा माग काढ की! नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळ काढून पाणी गावात आणलं, नुसत्या उतारावर. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधले आणि पेठापेठांतून हौद. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं वरून रिकामी कमळाची कुंडी वाटते, पण कात्रजचं पाणी इथवर यायचं म्हटलं की पोरं वाकून बघतात. मी नातवावर करून बघितलंय. दिल्ली दरवाजाचे खिळेही नुसते "अणकुचीदार" म्हणून सोडू नकोस. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर का, हे त्यांनाच ओळखू दे. आणि तिकीट आधी बघून ठेव, परदेशी पाहुण्यांना ते वेगळं आणि बरंच जास्त असतं. बसायला तिथली हिरवळ आहे, नाहीतर तुळशीबागेत राममंदिराचं आवार. बाहेर एवढी झुंबड, आत शिरलं की गार.

जुना_मंडईकर:
लाल महालाबद्दल त्या मुलीला सरळ सांगा की चित्र नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काय आहे? गावाला ती जागा मोकळी ठेवणं पटलं नाही, म्हणून बांधला. वॉर्सॉच्या मुलीला हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. भिडेवाड्यापाशी जुना फोटो मोठा छापून न्या आणि तिथेच हातात द्या, मोबाईलवर सात जणांना एकदम दिसत नाही. मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ची, अजून भाजी विकते. तिथे वीस मिनिटं सोडा त्यांना. पेरू घेऊ देत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. त्रिशुंडपासून सुरुवात पक्की. वाट लांबली म्हणून नगारखान्यावर चढणं रद्द, गुडघेवालीची सोय झाली. विश्रामबागवाड्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या घाटाचे, खांब आणि १८२१ साली तिथे निघालेली पाठशाळा शेवटीच ठेवते, तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली म्हटल्यावर विद्यार्थ्यांना जवळची वाटेल. परतीला मंडई स्थानकावरून मेट्रो. आता एवढंच सांगा: त्रिशुंडाचं दार सकाळी किती वाजता उघडतं, आणि शनिवारी तांबट आळीत काम चालू असतं ना?