टोलचा मार कुणाला बसतो?

‘टोलमुळे कोल्हापूरचं पर्यटन मरतंय’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पुण्याहून येताना खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके लागतात हे खरं. पण स्वतःच्या कारने अंबाबाईला येणारं कुटुंब तेवढ्यासाठी बेत रद्द करत नाही. शिवाय 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी कारला वर्षभराचा, 200 फेऱ्यांचा पास मिळतो; सुरुवातीला तो 3000 रुपयांना होता.

खरा प्रश्न भाड्याच्या गाड्यांचा आहे. टॅक्सी, ट्रॅव्हल्स, मालाचे ट्रक यांना हा पास नाही. म्हणजे वर्गणी काढून ट्रॅव्हलरने जोतिबा-पन्हाळा करणाऱ्यांच्या भाड्यात टोल चढतो, आणि आपला गूळ बाहेर पाठवतानाही. हात आखडतो तो मग अंबाबाई मंदिराजवळच्या महाद्वार रोडच्या बाजारात, कोल्हापुरी चप्पल घेताना.

कोल्हापूर शहराच्या वेशीवरचा टोल तर याहून वाईट होता. शिरोली, फुलेवाडी, कळंब्याला नाके बसले तेव्हा गावाकडून रोज शहरात येणाराच भरडला जात होता. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे या ज्येष्ठ नेत्यांसोबत लोक रस्त्यावर उतरले, म्हणून डिसेंबर 2015 मध्ये तो रद्द झाला. आता टूरिस्ट टॅक्सी आणि छोट्या मालगाड्यांनाही पास मिळावा, ही मागणी कोल्हापुरातूनच जोरात व्हायला हवी.