बाबांना पुन्हा टीबी की फुफ्फुसात बुरशी? कोणती तपासणी, कुठे करावी – मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही बार्शीचे. बाबा ६३ वर्षांचे आहेत. २०१५ मध्ये त्यांना टीबी झाला होता. एकेटीचा (टीबीच्या औषधांचा) कोर्स पूर्ण केला, बेडका निगेटिव्ह आला, पण उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी राहून गेली. गेल्या दिवाळीपासून खोकला हटत नाही, वजन उतरत चाललंय आणि अधूनमधून बेडक्यातून रक्त पडतं. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून टीबी उलटलाय म्हणून पुन्हा एकेटी सुरू केली. सीबीनॅट (बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) मात्र निगेटिव्ह आहे आणि कल्चरमध्येही टीबीचे जंतू वाढले नाहीत.

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये पोकळीत फंगल बॉल (बुरशीचा गोळा) असल्याची शंका लिहिली आहे. तो दाखवला तर "आधी हा कोर्स संपू दे" एवढंच उत्तर मिळालं. त्यांच्या ओपीडीतली गर्दी मला दिसते, राग नाही. पण जंतूच सापडलेला नसताना बाबांनी ही औषधं किती दिवस सोसायची? जेवण जात नाही, दोन जिने चढले की धाप लागते. बुरशी आहे की नाही हे कोणत्या तपासणीतून कळतं? एकेटी मध्येच बंद करायची माझी हिंमत नाही. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं तर पहिल्यांना कसं सांगावं?

प्रतिसाद

ताई, माझ्या थोरल्या भावाचं अगदी असंच झालं होतं. जुन्या टीबीच्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि लक्षणं हुबेहूब टीबीसारखीच असतात. रक्ताची 'अ‍ॅस्परजिलस आयजीजी' तपासणी करा. चिठ्ठीवर आयजीजी असंच लिहून घ्या, कारण लॅबवाले बरेचदा आयजीई करतात, ती अ‍ॅलर्जीसाठी असते. मोठ्या लॅब तालुक्यातून नमुना गोळा करतात.

एकेटी स्वतःहून थांबवू नका. पण डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून विचारा. बुरशीवर इट्राकोनॅझोल देतात आणि एकेटीतल्या रिफाम्पिसिनमुळे त्याची रक्तातली पातळी इतकी घसरते की औषध लागूच पडत नाही. दोन्ही एकदम चालू ठेवून भागत नाही, म्हणून निदान आधी पक्कं व्हायला हवं. बुरशीच्या औषधाचा कोर्स लांब असतो. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयाने इट्राकोनॅझोलच्या ६ आणि १२ महिन्यांच्या कोर्सची तुलना केली (निष्कर्ष २०२२ मध्ये आले), त्यात १२ महिने औषध घेतलेल्यांमध्ये आजार कमी उलटला. बाबा अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असतील तर तेही सांगा, इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूलचं शोषण तिने कमी होतं. हृदयाचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

पहिल्या डॉक्टरांना सरळ म्हणा, "रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांचं मत घेऊन येतो." लपवू नका, फाईल त्यांच्याकडेच आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या श्वसनविकार विभागात दाखवा, सीटीची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि रक्त कपभर पडलं तर ओपीडीची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय असते.

धागाकर्ती

खूप आभार. अ‍ॅसिडिटीची गोळी ते रोज घेतात, हे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आयजीजीसाठी उद्या रक्त देतोय. सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या श्वसनविकार ओपीडीत नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर वार आणि केसपेपरची वेळ कळवा. बाबांना फार वेळ उभं राहवत नाही.